मामींच्या नावानं ट्रस्ट: डीडपासून ऑडिटपर्यंत

२०२४ च्या दिवाळीत निफाडचे मामा घरी आले, फराळाचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "तुझ्या मामीच्या नावानं ट्रस्ट काढायचाय, पंचवीस लाख बाजूला काढलेत, गरीब पोरींच्या शिक्षणाला द्यायचे, तू बघतोस का?" मी नाशिकला कॉलेज रोडवर एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघतो, ट्रस्टचे हिशोब इतकी वर्षं टॅलीत टाकतोय, त्यामुळे लगेच हो म्हणालो. पण तयार ट्रस्टचा हिशोब टाकणं वेगळं आणि ट्रस्ट शून्यातून उभा करणं वेगळं, हे पुढच्या दीड वर्षात चांगलंच कळलं. तेव्हापासून ओळखीतल्या चार-पाच जणांनी हेच प्रश्न विचारले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी वकील नाही, सीए पण नाही, मी त्यांच्या टेबलासमोर फाइल घेऊन बसणारा माणूस आहे, तेवढं धरून वाचा.

एक आधीच सांगतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा आलाय. त्यात आपल्यासारख्यांना नोंदणीकृत ना-नफा संस्था म्हणतात, कलम ३३२ पासून पुढं सगळं एकत्र आणलंय आणि देणगीदाराची ८०जी वाली सवलत कलम १३३ मध्ये गेलीय. पण ऑफिसात अजून सगळे १२ए (ट्रस्टची करमाफी) आणि ८०जीच म्हणतात आणि २०२५-२६ पर्यंतचे हिशोब जुन्याच कायद्यानं जातात, म्हणून मी खाली जुनीच नावं वापरलीयत.

आधी हे विचारा की ट्रस्ट हवाच आहे का

मामांना मी पहिलं हेच विचारलं आणि त्यांना ते अजिबात आवडलं नाही. पण पंचवीस लाखांची एफडी केली तर सात टक्क्यांनी वर्षाला पावणेदोन लाख व्याज येतं, त्यातून ऑडिटची फी, वकिलाची फी, टायपिंग, चकरा हे सगळं वजा करायचं आणि मग उरलेलं पोरींना. तेवढ्यासाठी दरवर्षी दोन सरकारी खात्यांना हिशोब द्यायचा. त्यापेक्षा नाशिकमध्ये जुन्या चांगल्या शिक्षणसंस्था आहेत, वाचनालयं आहेत, आपलं सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासून चालू आहे, अशा ठिकाणी ठेव देऊन तिच्या व्याजातून कुणाच्या स्मृतिप्रीत्यर्थ बक्षीस किंवा शिष्यवृत्ती सुरू करता येते, पावती मिळते, नाव राहतं, डोकेदुखी त्यांची. एकदाच पैसे द्यायचे असतील आणि घरात कुणाला वेळ नसेल तर माझं मत आजही हेच आहे.

मामांचं म्हणणं पडलं की त्यांच्या दोन्ही मुली आणि जावई पण दरवर्षी पैसे घालणार, गावातले लोकही देतील, आणि पोरी निवडायचं काम त्यांना स्वतः करायचंय. मग ठीक आहे, मग ट्रस्ट.

कुठल्या प्रकारचा

इथं बऱ्याच जणांचा घोळ होतो. घरच्यांनी काढला, घरचेच पैसे, घरचेच विश्वस्त, म्हणजे हा आपला खाजगी ट्रस्ट असं लोकांना वाटतं. १८८२ चा इंडियन ट्रस्ट्स अ‍ॅक्ट आहे तो खरोखरच्या खाजगी ट्रस्टचा, म्हणजे नातवंडांसाठी मालमत्ता ठेवायची वगैरे. लाभ घेणारे बाहेरचे लोक असले की पैसे कुणाचेही असोत, तो सार्वजनिक न्यास झाला आणि महाराष्ट्रात त्याला १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागतो, म्हणजे धर्मादाय आयुक्त आले, ज्याला आपण सगळे चॅरिटी ऑफिस म्हणतो.

दुसरा पर्याय १८६० च्या कायद्याखाली संस्था, तिला किमान सात सभासद लागतात आणि इथं तीच संस्था परत चॅरिटीकडेही नोंदवावी लागते. त्यात निवडणुका, सर्वसाधारण सभा, आणि दोन गट पडले की मग काय विचारू नका. तिसरा पर्याय कंपनी कायद्याच्या कलम ८ ची कंपनी, मोठ्या कामाला आणि मोठ्या देणगीदारांना ती बरी पडते पण तिला आरओसीचे, म्हणजे कंपनी निबंधकाचे, फॉर्म भरत बसावे लागतात. घरच्या लहान फाउंडेशनला साधा ट्रस्टच सोयीचा. नावात प्रतिष्ठान लिहा, फाउंडेशन लिहा, न्यास लिहा, कायद्याला काही फरक पडत नाही.

डीड, आणि इथंच खरा वेळ घालवा

सगळ्यात जास्त घाई लोक इथंच करतात. कुणाच्या तरी ट्रस्टचं डीड, म्हणजे ट्रस्टचा मूळ दस्त, घेऊन त्यात नाव बदलून टाकतात, आणि मग त्यात गोशाळा, वृद्धाश्रम, क्रीडा प्रबोधिनी असे बावीस उद्देश येतात जे आपल्याला करायचेच नसतात. पुढं आयकरवाले विचारतात की यातलं कुठलं काम करता ते दाखवा. चार-पाच उद्देश पुरे.

मामांनी तोंडी सांगितलेला पहिला उद्देश होता "आपल्या समाजातल्या गरीब मुलींना शिक्षणासाठी मदत". वकिलीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, काका, "आपल्या समाजातल्या" काढा. कारण १९६१ च्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे धर्मादाय ट्रस्ट एका विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या फायद्यासाठी असेल तर करमाफी मिळत नाही. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि मागासवर्ग यांच्यासाठी असेल तर चालतं, ते त्यात धरत नाहीत. म्हणजे "गरीब मुली" चालतं, "अमुक समाजाच्या मुली" चालत नाही. मामा जरा गप्प बसले, मग म्हणाले मामी पण कुणाला जात विचारून वह्या देत नव्हती, काढा. नाशिकमध्ये समाजाची वसतिगृहं, समाजाचे शिक्षण फंड खूप आहेत, त्यातल्या नव्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

डीडमध्ये अजून काय हवंच: ट्रस्ट रद्द करून पैसे परत घेता येणार नाहीत असं स्पष्ट लिहिलेलं, ट्रस्ट बंद पडला तर शिल्लक तशाच उद्देशाच्या दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला जाईल हे, विश्वस्त किती, त्यांची मुदत किती, नवा कोण आणि कसा नेमणार, कोरम किती, बँकेवर सह्या कुणाच्या. मुदतीचं मुद्दाम सांगतो कारण घरच्या ट्रस्टमध्ये सगळेच "तहहयात" लिहून घेतात. महाराष्ट्रानं २०२५ मध्ये तहहयात विश्वस्तांची संख्या एकूण विश्वस्तांच्या पाव हिश्श्यापर्यंत आणलीय, त्यामुळे डीड लिहितानाच वकिलाबरोबर हे नीट बसून ठरवा. आम्ही पाच विश्वस्त ठेवले, मामा एकटे तहहयात, बाकी चौघं पाच-पाच वर्षांसाठी, आणि त्यातल्या दोन बाई घराबाहेरच्या, एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि एक मामींची मैत्रीण. बाहेरचं माणूस असलं की सभेत कुणीतरी "हे का?" असं विचारतं, त्याचा फार उपयोग होतो.

चॅरिटी ऑफिस

डीड झालं की तीन महिन्यांच्या आत कलम १८ खाली नोंदणीचा अर्ज. तो सादर करायचा शेड्यूल दोनच्या नमुन्यात, सोबत डीड, विश्वस्तांची संमतीपत्रं, ओळखपत्रं, ट्रस्टच्या पत्त्याचा पुरावा आणि जागा दुसऱ्याची असेल तर जागामालकाचं ना-हरकत, प्रतिज्ञापत्र. आमचा अर्ज त्रुटीत पडला तो आमच्याच चुकीनं, एका विश्वस्ताच्या संमतीपत्रावरची सही आणि डीडवरची सही जुळेना, मामींच्या मैत्रिणीनं एकीकडं मराठीत केलेली आणि एकीकडं इंग्रजीत. हसायला येतं पण महिना गेला. सह्या करायला बसवताना सगळ्यांना आधीच सांगा.

चौकशी होऊन नोंद झाली की प्रमाणपत्र आणि शेड्यूल एकचा उतारा मिळतो, त्याला सगळे पीटीआर म्हणतात. नंबर ई आणि पुढं आकडा आणि नाशिक असा असतो, संस्थांचा एफ ने सुरू होतो. या शेड्यूल एकच्या उताऱ्याला सातबाऱ्यासारखं जपा, विश्वस्त कोण आणि मालमत्ता काय हे बँक, आयकर, कंपनीवाले सगळे त्यावरूनच बघतात.

पॅन, बँक

पॅन काढताना स्टेटसमध्ये ट्रस्ट निवडा, चौथं अक्षर टी येतं. खातं दोन सह्यांचं. मग मामांनी पंचवीस लाख दिले तेव्हा मी त्यांच्याकडून एक पत्र घेतलं की ही रक्कम कायम निधीसाठी, म्हणजे कॉर्पससाठी देत आहे. हे पत्र नसेल तर पंचवीस लाख त्या वर्षाचं उत्पन्न धरलं जातं आणि मग त्याचे ८५ टक्के (हे गणित खाली सांगतो) त्याच वर्षी खर्च करा अशी वेळ येते. एका कागदाचा प्रश्न आहे. आणि २०२१-२२ पासून कॉर्पसचे पैसे कायद्यानं ठरवलेल्या गुंतवणुकीतच आणि कॉर्पस म्हणूनच वेगळे ठेवायला लागतात, म्हणून आम्ही त्याची एफडी वेगळीच केली, बाकीच्या पैशात मिसळली नाही.

गुंतवणुकीवरून मामांशी एकदा वाद झाला. गावातली पतसंस्था बँकेपेक्षा जास्त व्याज देते, चेअरमन ओळखीचे, तिथं ठेवू. मी नाही म्हणालो. आयकर कायद्याच्या कलम ११(५) मध्ये पोस्ट, शेड्यूल्ड बँक, बँकिंग करणारी सहकारी बँक, सरकारी रोखे असं ठरलेलं आहे, आणि चॅरिटी कायद्याच्या कलम ३५ मध्येही साधारण तसंच. पतसंस्था म्हणजे बँक नाही. तिथं ठेवलं तर करमाफी धोक्यात, आणि पैसे बुडाले तर विश्वस्तांना जाब. सोनं, कुणाला हातउसने, ओळखीच्या बिल्डरला व्याजानं, यातलं काहीच नाही.

१२ए आणि ८०जी

१२ए म्हणजे ट्रस्टच्या उत्पन्नावर कर नाही, ८०जी म्हणजे देणगी देणाऱ्याला सवलत. चॅरिटीची नोंदणी झाली म्हणजे हे आपोआप मिळतं असं समजणारे अजून भेटतात. आयकराचा अर्ज वेगळा, पोर्टलवर ऑनलाइन. नव्या ट्रस्टला आधी फॉर्म १०ए भरून तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. मग काम सुरू झालं की सहा महिन्यांच्या आत, किंवा तात्पुरती संपायच्या सहा महिने आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा १०एबी भरून कायमची नोंदणी मागायची. लोक "तीन वर्षं आहेत की" म्हणून बसून राहतात आणि काम सुरू झाल्यापासूनचे सहा महिने निघून जातात, ही सगळ्यात कॉमन चूक.

१०एबी नंतर आपल्या भागातला अर्ज पुण्याच्या आयकर आयुक्त, सूट, यांच्याकडं जातो आणि तिथून प्रश्नावली येते: काय काम केलं, फोटो, लाभार्थींची यादी, बँक स्टेटमेंट, बिलं. त्यासाठी पहिल्या दिवसापासून कागद ठेवा. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी प्रत्येक मुलीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट, कॉलेजची फी पावती, आणि का निवडली याच्या दोन ओळी, अशी एकेक पातळ फाइल केली होती. पुण्याहून प्रश्न आले तेव्हा मी फक्त स्कॅन करत बसलो, शोधाशोध शून्य.

कायमची म्हणत असले तरी ती नोंदणी पाच वर्षांची असायची, आता ज्यांचं उत्पन्न आधीच्या दोन वर्षांत पाच कोटींच्या आत आहे त्यांना १२ए वाली दहा वर्षांची मिळते. जुन्या ट्रस्टवाल्यांनी बघा, २०२१ च्या बदलात ज्यांना पाच वर्षांची मिळाली होती त्यातल्या बहुतेकांची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपली आणि नूतनीकरणाचा अर्ज ३० सप्टेंबर २०२५ च्या आत हवा होता. ज्यांचा राहिला त्यांनी उशीर माफीसाठी लगेच सीएला गाठा, कारण नोंदणी गेली तर ११५टीडी नावाचा प्रकार आहे, ट्रस्टच्या सगळ्या निव्वळ मालमत्तेवर बाजारभावानं जास्तीत जास्त दरानं कर. जागा असलेल्या जुन्या ट्रस्टला तो आकडा बघवणार नाही.

पावत्या

पावती पुस्तक छापून घ्या, नंबर सलग, एखादी पावती चुकली तर फाडून टाकू नका, दोन्ही प्रती "रद्द" लिहून तिथंच ठेवा. पावतीवर देणगीदाराचं पूर्ण नाव, पत्ता, पॅन, रक्कम, कशी दिली, आणि कॉर्पस की साधी. रोख २,००० च्या वर असेल तर देणगीदाराला ८०जी मिळत नाही, हे त्याला घेतानाच सांगा, नंतर फोन येतात. आणि त्यानं कराची नवी पद्धत निवडली असेल तर ८०जी मिळतच नाही, हे पण सांगा. अर्ध्या लोकांना माहीतच नसतं, आणि ट्रस्टवाले मुद्दाम सांगत नाहीत, मला ते पटत नाही. सवलत मिळते तीही साधारणपणे निम्म्या रकमेवर आणि उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत.

वर्ष संपलं की ३१ मे च्या आत १०बीडी म्हणजे सगळ्या देणगीदारांची यादी पोर्टलवर, मग तिथूनच १०बीई सर्टिफिकेट डाउनलोड करून प्रत्येकाला द्यायचं. आपली छापील पावती आता सवलतीला पुरत नाही, १०बीई लागतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये, वर दंड १०,००० पासून एक लाखापर्यंत. पहिल्याच वर्षी माझ्याकडून मामांच्या धाकट्या जावयाच्या पॅनमध्ये एक आकडा चुकला. यादी जमा झाली, जावईबापूंच्या रिटर्नला देणगी दिसेना, आणि त्यांनी मला पुण्याहून फोन केला तो काही गोड बोलायला नव्हता. दुरुस्त यादी भरता येते, भरली, पण तेव्हापासून पॅनचं झेरॉक्स घेतल्याशिवाय पावती फाडत नाही.

आता सिंहस्थ येतोय, २०२७ ला नाशिक-त्र्यंबकला अन्नछत्रं उभी राहतील, दानपेट्या ठेवल्या जातील. धर्मादाय ट्रस्टवाल्यांनी लक्षात ठेवा, नाव-पत्ता नसलेल्या देणग्या म्हणजे निनावी, आणि एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा एक लाख यातलं जे जास्त असेल त्याच्या वरच्या रकमेवर थेट ३० टक्के कर. पूर्णपणे धार्मिक ट्रस्टला हे लागत नाही, देवळाची पेटी वेगळी. आणि तुमच्याकडं ८०जी असेल तर धार्मिक स्वरूपाचा खर्च उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या वर नेऊ नका, उत्साहात लोक मंदिराच्या जीर्णोद्धाराला मोठा चेक देऊन बसतात.

हिशोब आणि ते ८५ टक्के

रोजकीर्द, खतावणी, व्हाउचर, बिलं, पावत्यांच्या स्थळप्रती, ठरावांचं इतिवृत्त, देणगीदारांची नोंद, हे सगळं दहा वर्षं जपायचं. टॅलीत टाकलं तरी चालतं. चॅरिटीला ताळेबंद शेड्यूल आठमध्ये आणि उत्पन्न-खर्च शेड्यूल नऊमध्ये लागतो, म्हणून लेजरची नावं पहिल्यापासून त्याच क्रमानं केलीत तर मार्चनंतर माझ्यासारख्याचा एक आठवडा वाचतो.

८५ टक्क्यांचं गणित आमच्याच आकड्यांवर सांगतो. २०२५-२६ मध्ये साध्या देणग्या ७,२५,००० आणि एफडीचं व्याज १,७५,०००, एकूण ९ लाख. कॉर्पस यात धरत नाही. ८५ टक्के म्हणजे ७,६५,००० त्याच वर्षी उद्देशावर खर्च व्हायला हवे, उरलेले १५ टक्के तसेच ठेवता येतात. आमचा खर्च झाला ६,२०,०००. पण त्यात एक व्हाउचर होतं दप्तरांचं. मामा रविवार कारंजावर स्वतः गेले, घासाघीस केली, १८,६०० ची दप्तरं घेतली आणि सगळे रोख मोजून दिले, आणि मला बिल आणून दिलं तेव्हा चेहऱ्यावर असा आनंद की दुकानदाराकडून बाराशे रुपये कमी करून घेतले. एका दिवशी एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिले की तो खर्च आयकर धरत नाही. म्हणजे आमचा मोजला जाणारा खर्च ६,०१,४०० आणि कमी पडले १,६३,६००. बाराशे वाचवले ते असे. यूपीआय केलं असतं तर प्रश्नच नव्हता.

कमी पडलेल्या रकमेचं काय? दोन वाटा. पैसे मिळायलाच उशीर झाला, उदाहरणार्थ व्याज जमाच झालं नाही, तर फॉर्म ९ए. नाहीतर फॉर्म १०, म्हणजे विश्वस्तांनी ठराव करून सांगायचं की ही रक्कम अमुक कामासाठी पाच वर्षांपर्यंत साठवतोय. काम नीट लिहा, "ट्रस्टच्या उद्देशांसाठी" असं मोघम लिहिलं की आक्षेप येतो. आम्ही लिहिलं, सुरगाणा आणि पेठच्या मुलींसाठी वसतिगृहाची फी, किती मुली, किती वर्षं. २०२५-२६ साठी हे फॉर्म ३१ ऑगस्टच्या आत, रिटर्नबरोबर भरू म्हणून थांबू नका.

बाकी थोडक्यात, कारण प्रत्येकावर एकेक लेख होईल. खर्च प्रत्यक्ष दिला तेव्हाच धरला जातो, ३१ मार्चला बिल येऊन पडलंय पण दिलं नाही तर ते पुढच्या वर्षात. लॅपटॉप घेतला आणि त्याची किंमत खर्चात धरली तर त्यावर परत घसारा नाही. कर्ज काढून खर्च केला तर कर्ज फेडाल तेव्हा मोजतात. दुसऱ्या ट्रस्टला देणगी दिली तर तिचे ८५ टक्केच धरतात, आणि कॉर्पस म्हणून दिली तर काहीच नाही. टीडीएस कापायचा राहिला तर त्या खर्चाचे ३० टक्के बाद, ट्रस्टला टीडीएस लागत नाही हा गैरसमज आहे.

घरचे लोक

ट्रस्टची वाट लागते ती बहुतेक इथं. पैसे आपण दिलेत ना, मग थोडं आपल्याकडं वळलं तर काय बिघडलं. बिघडतं. संस्थापक, विश्वस्त, मोठे देणगीदार, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्या कंपन्या यांना ट्रस्टमधून फायदा दिला तर तेवढ्यावर करमाफी जाते, आणि दंड पहिल्यांदा फायद्याच्या रकमेइतका, पुन्हा तसंच केलं तर दुप्पट. मामांच्या चुलत भावाची नात खरंच हुशार आणि परिस्थिती खरंच बेताची, तिला मदत करायची होती. मी म्हणालो करा, तुमच्या खिशातून करा, ट्रस्टमधून नको, कोण कुठल्या नात्यात बसतं यावर आयकर अधिकाऱ्याशी वाद घालायला मला लावू नका. ते म्हणाले "अरे पण पैसे माझेच ना?" मी म्हणालो मामा, दिवाळीनंतर ते तुमचे राहिले नाहीत. राग आला त्यांना, पण दिले खिशातून.

ट्रस्टचं ऑफिस त्यांच्याच शेडमध्ये आहे, त्याचं भाडं घ्यायचं का? बाजारभावानं करार करून घेतलं तर कायद्यात बसतं, पण पहिल्या काही वर्षांत शून्य भाडं ठेवा, प्रश्नच येत नाही. विश्वस्ताची गाडी, पेट्रोल, मोबाइल बिल, तेच.

ऑडिट आणि तारखा

करमाफी धरायच्या आधीचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं की आयकराचं ऑडिट. उत्पन्न पाच कोटींच्या वर किंवा परदेशी पैसा असेल तर ऑडिटचा फॉर्म १०बी, आपल्यासारख्यांना १०बीबी. ऑडिट ३० सप्टेंबरपर्यंत, आयटीआर-७, म्हणजे ट्रस्टचं रिटर्न, ३१ ऑक्टोबरपर्यंत. चॅरिटीचा ऑडिट रिपोर्ट पण सप्टेंबरअखेर, तो वेगळा, आणि तो ऑनलाइन भरायला लोक सर्रास विसरतात, मग पाच-पाच वर्षांचे रिपोर्ट एकदम भरायला धावतात. शिवाय नवं वर्ष सुरू व्हायच्या महिनाभर आधी, म्हणजे फेब्रुवारीत, शेड्यूल सात-ए मध्ये बजेट. मामांच्या कॅलेंडरवर मी या तारखा लाल पेनानं केल्यात, शेजारी द्राक्षबागेच्या छाटणीच्या तारखा, त्यामुळे नजर जातेच.

विश्वस्त बदलला, जागा घेतली किंवा विकायची

कुणी राजीनामा दिला, वारलं, नवं आलं, पत्ता बदलला, मालमत्ता घेतली, तर ९० दिवसांत कलम २२ चा चेंज रिपोर्ट. सोबत सभेची नोटीस, इतिवृत्त, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, नव्याची संमती. नोटीस वेळेत काढली नाही तर सभाच बेकायदा ठरते आणि दहा वर्षांपूर्वीचा चेंज रिपोर्ट अजून लटकलाय असे ट्रस्ट जिल्ह्यात पुष्कळ आहेत. ट्रस्टची जमीन किंवा इमारत विकायची, किंवा शेतजमीन दहा वर्षांच्या वर, बाकी जागा तीन वर्षांच्या वर भाड्यानं द्यायची तर कलम ३६ खाली आधी परवानगी, नाहीतर व्यवहार टिकत नाही. कर्ज काढायलाही परवानगी लागते.

कंपन्यांचे आणि परदेशातले पैसे

सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांकडून सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाचा निधी, मागायचा तर १२ए, ८०जी, सीएसआर-१ या फॉर्मची नोंदणी, आणि साधारण तीन वर्षं काम केल्याचा पुरावा. त्यामुळे पहिल्या वर्षी त्यांच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवू नका. सामाजिक संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलवर मात्र लगेच नोंदवून घ्या.

परदेशातलं जरा सांभाळून. मामांचा भाचा, म्हणजे माझा मावसभाऊ, न्यू जर्सीला असतो, मावशीकडून ऐकून त्यानं पाच हजार डॉलर पाठवतो म्हणून मेसेज टाकला. भारतीय पासपोर्टवाला एनआरआय असता तर त्याच्या कमाईची देणगी परदेशी धरत नाहीत. पण त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड आहे, आणि ओसीआय म्हणजे कायद्यानं परदेशीच. मग एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा आधी परवानगी हवी, आणि नोंदणीसाठी आधीच्या तीन वर्षांत उद्देशावर किमान १५ लाख खर्च केलेला असावा लागतो, शिवाय पैसे फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात घ्यायचे. "मावशीच्या खात्यात टाकतो, ती तुम्हाला देईल" असा मार्ग त्यानंच सुचवला, आणि मामांना तो एकदम पटला होता. नाही म्हणून सांगायचं काम शेवटी माझ्यावरच आलं, रात्री अकरा वाजता, कारण तिकडं तेव्हा दुपार असते.